एका दाढेचा रोजा

माझी मुलगी आता सोलापूरला शिकते. रोजे सगळे धरते, नमाज माझ्यापेक्षा नेमानं पढते. फोनवर चांगलं बोलते. 'अब्बा, जेवलात का, गोळी घेतली का' असं सगळं विचारते. बाहेरच्या माणसाला वाटेल, बापलेकीचं किती छान आहे. छानच आहे. पण दीनाची, म्हणजे धर्माची, एकही गोष्ट ती मला विचारत नाही. का, ते मला माहीत आहे, आणि हे मी आजवर बायकोपाशीसुद्धा बोललेलो नाही.

मी मुरुमच्या बाजारात शिलाईकाम करतो. पुढं दुकान, मागं घर. घरात आम्ही दखनी बोलतो. इथं सगळं मराठीत लिहितोय, कारण मी शाळा मराठी शिकलो आणि खरं लिहायचं तर मला याच भाषेत जमतं.

आमच्यात लहान मुलं रमजानात हट्ट धरतात, आम्हालाही रोजा पाहिजे. पहाटे सहरीला उठून डोळे चोळत ताटावर बसतात. दुपारी पोटात कावळे ओरडायला लागले की तोंड एवढंसं होतं. मग घरातलं कुणी थोरलं माणूस म्हणतं, तू एका दाढेचा रोजा धर. उजव्या दाढेला रोजा, डाव्या दाढेनं जेव. यालाच चिडीचा, म्हणजे चिमणीचा, रोजाही म्हणतात. मूल मान वाकडी करून एका बाजूनं चावत बसतं आणि मोठी माणसं तोंड फिरवून हसतात. मीही लहानपणी असा वाकड्या मानेनं जेवलोय.

मुलगी सात वर्षांची होती तेव्हा रमजान भर उन्हाळ्यात आला. माझ्या आईनं तिला दुपारी एका दाढेचा रोजा दिला आणि ताट वाढलं. गोष्ट तिथंच संपायची. पण पोरगी ताट घेऊन माझ्या मशीनपाशी आली.

"अब्बा, हा तर अर्धाच झाला. अल्ला अर्धा घेतो का?"

शिंप्याला दोन तुकडे दिसले की जोडायचंच सुचतं. हातातलं काम न थांबवता मी म्हणालो, "एक हिरवी चिडी असते. पोरांचे अर्धे रोजे चोचीत धरून वर नेते. तिथं दोन अर्धे शिवून एक पुरा करते."

"आणि खांद्यावरचे फरिश्ते?"

माणसाच्या दोन्ही खांद्यांवर दोन फरिश्ते असतात, बरं-वाईट लिहून घेतात, हे तिला नुकतंच शिकवलेलं होतं. मीच शिकवलं होतं.

"तेच तर देतात चिडीला," मी म्हणालो.

चिडी एकटी असती तर काही बिघडलं नसतं. कितीतरी गोष्टी पोरं ऐकतात, मोठी होतात, आपसूक सोडून देतात. मी त्या चिडीला नेऊन फरिश्त्यांच्या शेजारी बसवलं. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. उलट सुचलं म्हणून बरंच वाटलं.

पुढचे रमजान तिनं असेच काढले. हलणारा दात उजवीकडं होता तरी त्या बाजूला ती घास जाऊ देईना. खिडकीत चिडीसाठी भाताची शितं ठेवायची. माझी आई कौतुकानं म्हणायची, "तुझी पोरगी तुझ्यासारखी न्हाय, लई पक्की हाय." मी ऐकून सुखावत होतो.

दहाव्या वर्षी तिची रोजा कुशाई केली. म्हणजे मूल पहिला पुरा रोजा धरतं, त्याला नवे कपडे घालतात, गळ्यात हार घालतात, चार लोकांना इफ्तारला बोलावतात. ड्रेस मी शिवला होता, गुलाबी, बाह्यांना जर. उमरग्याहून माझी बहीण आली होती. शेजारच्या मावशी सरबताचा जग घेऊन आल्या होत्या. दरवर्षी कुणाचीही कुशाई असली की सरबत त्यांचंच असतं.

रोजा सोडायच्या भोंग्याला अवकाश होता. सगळे दस्तरखानाभोवती बसलेले. बहीण पोरीला म्हणाली, "काय गं नवरीबाई, पहिलाच रोजा. जीभ दाखव बघू, कुठं लपून पाणी तर न्हाय पिलीस?"

पोरगी ताठ बसली. "पहिला नाही फूफी. माझे आधीचे पण आहेत. चिडीनं शिवलेले."

"कुणी शिवलेले?"

तिनं सगळं सांगितलं. फरिश्ते अर्धे रोजे कसे देतात, चिडी कशी नेते, टाका कसा घालते. हारातली फुलं बोटांनी सारखी करत, न अडखळता, आपल्या कमाईबद्दल सांगावं तसं. बैठकीत हशा पिकला. मावशी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आमच्यातबी तसंच व्हय की! पोरांचा उपास म्हंजे दिसभर शेंगदाण्याचा लाडू." बहिणीच्या डोळ्यांना पाणी आलं हसून. "अगं येडे, चिडी-बिडी काय नसती. तुझ्या बापानं मशीनवर बसून काढलेलं खूळ हाय ते. मशीन चालवायचं सोडून आता टाके आभाळात घालतोय!"

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मी काहीतरी बोलेन म्हणून बघत होती. दुसरं काही नको होतं तिला. 'थांबा, हसू नका' एवढंसुद्धा पुरलं असतं.

मी हसलो. मोठ्यानं नाही. सगळे हसत होते तसंच.

भोंगा झाला. तिनं खजूर तोंडात घेतली आणि तशीच धरून बसली. चावलीच नाही.

हात धुताना ती माझ्याजवळ आली. "अब्बा, खांद्यावरचे फरिश्ते पण तुम्हीच काढलेले का?"

"तौबा कर!" मी ओरडलो. "असं बोलू नको. गुनाह लागतो."

"चिडीचं सांगताना तुम्हाला लागला का?"

मी हात उगारला. मारला नाही, पण उगारला. मग खाली घेतला आणि म्हणालो, "फरिश्ते खरे असतात बेटा. चिडी तेवढी खोटी."

"मग मी कसं ओळखायचं?" ती म्हणाली. "दोन्ही सांगताना तुम्ही हसला नव्हतात."

मी हात पुसले आणि पाहुण्यांत जाऊन बसलो.

पुढं बरीच वर्षं मी बहिणीवर राग धरला. दोन ईदा तिच्याकडं गेलो नाही. वाटायचं, दगा हिनं केला. चार लोकांत लेकराचा विश्वास हिनं मोडला. ती बिचारी विचारायची, काय चुकलं माझं? मी काहीतरी सबब सांगायचो. दगा तिचा नव्हता हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. मीही लहानपणी एका दाढेनं जेवलो होतो, पण मला कधी फसवल्यासारखं वाटलं नाही. खरं तर मी त्यावर तेवढा विश्वासच ठेवला नव्हता. भूक भागली, काम झालं. पोरीनं विश्वास ठेवला होता. अल्लाचं नाव घेऊन मी जे सांगेन त्यावर, पुरा. तो मी हातातलं काम न थांबवता खर्च केला.

त्यानंतर ती दीनाचं सगळं गल्लीत कुराण शिकवणाऱ्या आपांकडं शिकली. माझ्याकडून काही ऐकलं की आईकडं बघायची. "अम्मी, खरंच?" औषध कडू नाही म्हणालो तरी, उद्या बाजार बंद आहे म्हणालो तरी.

कुशाईच्याच वर्षी हिवाळ्यात माझी आई गेली. तिसऱ्या दिवसाची जियारत झाली, पाहुणे गेले. स्वयंपाकघरात आम्ही तिघंच उरलो. बायको कांदा चिरत होती. पोरगी भिंतीला टेकून होती. कुणाकडंच न बघता ती म्हणाली, "दादीला आता आपलं ऐकू येतं का?"

मी म्हणालो, "येतं. कबरीपाशी जाऊन सलाम केला की तिला ऐकू जातो. आज पहाटे फजरच्या नमाजनंतर मी करून आलो. तुझाही सांगितला."

त्या दिवसाइतकं मनापासून, त्या दिवसाइतकं खरं मी आयुष्यात काही बोललेलो नाही. तिनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग आईकडं वळली.

"अम्मी, अब्बा म्हणतात ते खरं आहे?"

बायकोनं एकदा माझ्याकडं बघितलं, विळी बाजूला सारली. "हौ बेटा. खरं आहे."

तेव्हा कुठं पोरीला रडू आलं. आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती किती तरी वेळ दादी दादी करत रडली. मी तिथंच होतो, हात पुढं केला असता तर तिच्या पाठीला लागला असता. तो मी केला नाही. शब्द तेच होते. पण तिला ते आईच्या तोंडूनच घ्यावे लागले.