आबांच्या वळूला लागलेलं कुलूप

मुलगी पाचवीत गेली आणि घरात वायफाय आलं, त्याच महिन्यात ती त्यावर काय काय बघेल याची मला धास्ती लागली. ऑफिसातल्या एका बाईंनी सांगितलं तसं मी एका रविवारी चिकाटीने बसून सगळ्या घराच्या वायफायलाच फिल्टर लावला. नको ते उघडायला गेलं की पडद्यावर लाल पाटी यायची: 'हा मजकूर प्रौढांसाठी आहे. परवानगी नाही.' पासवर्ड फक्त माझ्याकडे. गड जिंकल्याच्या थाटात मी घरभर मिरवले.

आमचं घर संगमनेरजवळच्या एका गावात, दारातच गोठा. मोबाईलला रेंज नावालाच, म्हणून सगळ्यांचे फोन वायफायवर. आबा, म्हणजे माझे सासरे, गाय भरवायची म्हटलं की पोरीला स्थळ बघावं तसे चोखंदळ होतात. डॉक्टरांनी वळूंची साइट पाठवायची, आबांनी फोटो आणि वळूच्या आईचं दूध बघायचं, मग पसंती कळवायची, म्हणजे डॉक्टर त्याच वळूचं वीर्य घेऊन येणार. त्यांची लाडकी गाय सारखी उलटत होती, गाभण राहतच नव्हती. या खेपेला नाही राहिली तर विकून टाकू, असं आबांनीच जाहीर केलं आणि तेव्हापासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

एका सुट्टीच्या सकाळी गाय माजावर येऊन हंबरायला लागली. डॉक्टर संध्याकाळी येणार होते. आबा फोन घेऊन ओट्यावर बसले आणि एकदम चटका बसल्यासारखा त्यांनी तो खिशात कोंबला. मग मी समोर आले की ते गोठ्यात सटकायचे. चहा दिला तरी मान खाली. डॉक्टरांचा फोन आला तर नुसतं "बघू, बघू". माझं काही चुकलं असेल तर तसं बोलावं ना माणसाने! मी भांडी जरा जोरातच आपटली.

दुपारी मुलगी क्लासहून आली. आजोबांशी काहीतरी कुजबुजली आणि तरातरा स्वयंपाकघरात शिरली.

"आई, तुझं ते कुलूप काढ. आबांना वळू बघायचाय. गाय माजावर हाय, सांजच्याला भरवली न्हाई तर पुढच्या माजापर्यंत थांबावं लागंल. आबा तुला सांगायला लाजत्यात."

जिच्यासाठी एवढा बंदोबस्त केला, ती हे सगळं 'भाजी आणू का' इतक्या सहज सांगत होती. मला हसू आवरेना. ओट्यावर जाऊन म्हटलं, "आबा, ती पाटी तुमच्यासाठी नव्हती हो."

"मला वाटलं, डाक्टरनंच कायतरी घाण पाठिवली," आबा जमिनीकडे बघत म्हणाले. "ह्या वयात सुनंला काय तोंड दाखवावं मानसानं?"

'वीर्य' शब्दावरून अडकलेली वळूंची साइट मी तेवढी मोकळी केली. बाकीचा फिल्टर ठेवला, इतकीही मी भोळी नाही. मग आम्ही तिघं वळू बघत बसलो. मुलीला एकाचं कपाळ आवडलं, आबांना दुसऱ्याच्या आईचं दूध. आबांनी माझंही मत विचारलं. कुणाचं लग्न जमवतानाही मला एवढी मजा आली नव्हती. डॉक्टर आले तेव्हा पसंती पक्की होती.

पुढे डॉक्टर गाय तपासून गेले त्या दिवशी मी अंगणात धुणं वाळत घालत होते. मुलीच्या वेळी मला दिवस गेले तेव्हा आबांनी माझी साधी चौकशीसुद्धा सासूबाईंकरवी केली होती. आज ते गोठ्यातून थेट माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"सूनबाई, गाभन हाय गं आपली गाय! इकायची न्हाई आता."