भरावाखालचं गाव

उलव्याला रस्त्याचं काम निघालं तेव्हा खोदाईआधी जमिनीखालचे पाइप आणि केबल शोधायचं काम माझ्याकडे होतं. पनवेलहून सकाळच्या बसने जायचे. हातात काठीसारखं यंत्र, कानाला हेडफोन. दूरच्या केंद्रांच्या रेडिओलहरी हवेतून लांबवर जातात, पण जमिनीत शिरल्या की क्षीण होतात. तिथली ओली, खारी माती तर त्यांना गिळूनच टाकते. तरी वाटेत लोखंडी पाइप लागला की त्या त्याच्यातून वाहत जातात, आणि वर माझ्या कानात बारीक गुणगुण उमटते.

त्या दिवशी भरावावर अशी गुणगुण लागली. नकाशात तिथे काहीच नव्हतं. पिवळ्या रंगाने खुणा करत मी निघाले. लाइन सरळ गेली, मग डावीकडे वळली.

कामगारांना चहा देणारी मावशी किटली घेऊन माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"आमच्या गावाची नळाची लाइन हाय ती," ती म्हणाली. "आता उजवीकडं वळंल. तितं माजं घर."

लाइन उजवीकडे वळली.  विमानतळासाठी गाव उठून गेलेलं मला ठाऊक होतं. ते इथे, माझ्या बुटांखाली असेल हे डोक्यात आलं नव्हतं.

दहा-बारा पावलांवर आवाज बारीक झाला, मग गेलाच.

"काय झालं, बाय?"

"भराव वाढला, मावशी. इतक्या खालून वर काही पोचत नाही."

ती थांबली नाही. हा ओटा, ही जावेची पडवी, असं सांगत सपाट मुरमावरून चालत राहिली. एका जागी तिने वळसा घातला. मीही नकळत घातला.

"इथून सरळ का नाही गेलात?"

"हीर हाय तितं. वर फळ्या टाकून माती लोटली. बुजवली नाय कुनी."

हेडफोनमध्ये काही नव्हतं. दगडी विहिरीत लोखंड नसेल तर यंत्राला ती कळणार कशी? रिपोर्टात यंत्राने टिपलं तेवढंच लिहायचं, ही आमची शिस्त. मी लिहिलं, 'पुढील भागात काही आढळले नाही', आणि सही केली.

आठवड्याने रोलरचं चाक तिथेच खचलं. ड्रायव्हर उडी मारून वाचला.

"रिपोर्टात विहीर का नाही?" साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"यंत्राला दगड कळत नाही, सर."

ते खरं होतं. मला कुणीतरी सांगितलं होतं, एवढं मात्र मी बोलले नाही. मावशी चार पावलांवर कप भरत होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

रोलर ओढून काढल्यावर विहीर बुजवायला डंपर लागले. आधी दगड पडले की पाण्याचा आवाज येई, बऱ्याच वेळाने, खोलवरून. हळूहळू तो लवकर येऊ लागला. मग नुसता दगडावर दगड. सगळा वेळ मावशी कडेला उभी होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.