वनखात्यात शिकारीची दुर्बीण

तिन्ही दुर्बिणी माझ्या टेबलावर मांडून दुकानदार घड्याळाकडे पाहत बसला होता. त्याला चारच्या आत नागपूरच्या रस्त्याला लागायचं होतं, आणि मला त्याच दिवशी निवड करून कागद वर पाठवायचे होते. माझ्या टेबलासमोर जंगू टेकाम उभा होता. तीनपैकी सगळ्यात लहान दुर्बीण त्याने हातात घेतली होती, आणि ती तो खाली ठेवत नव्हता.

मी तेव्हा झरी जामणीच्या बाजूला एका रेंजचा आरएफओ होतो. आरएफओ म्हणजे वनक्षेत्रपाल. जंगलाच्या एका पट्ट्यात काही बिघडलं की पहिला फोन ज्याला जातो, तो माणूस. मूळचा मी पुसदचा. आवाज मोठा, डोकं गरम, आणि आपल्याला सगळं कळतं हा जुना आजार. या आजाराला निवृत्तीनंतर थोडा उतार पडला आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

दुर्बीण कशाला हवी होती ते आधी सांगतो. त्या वर्षी एका वाघिणीने नाल्याकाठच्या झुडपात बछडी ठेवली होती. नाल्याच्या पलीकडे कापसाची वावरं, अलीकडे कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे त्यांची वस्ती. वेचणीचा हंगाम. बाया सकाळी ऊन तापल्यावर, दव वाळल्यावर वावरात जायच्या. त्याची काळजी नव्हती. काळजी संध्याकाळची. परतीची पायवाट नाल्याच्या एका वळणावरून येते, आणि दिवस मावळताना वाघीण नेमकी तिथे पाण्यावर यायची.

म्हणून आम्ही मोहाच्या झाडावर मचाण बांधलं होतं आणि त्यावर जंगूला बसवलं होतं. तो आमच्याकडे रोजंदारीवर वनमजूर. संध्याकाळी बाया वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गाठोडी घेऊन उभ्या राहायच्या. जंगू वळण पाहायचा. वाट मोकळी असली तर खांद्यावरचा पांढरा दुपट्टा डोक्यावरून हलवायचा. मग बाया निघायच्या. हा नियम सरकारने केलेला नव्हता. त्यांनी आपसात ठरवला होता, आणि दुपट्टा हलल्याशिवाय एकही बाई पाय उचलत नसे. जंगूचं म्हणणं एवढंच होतं, की मचाणावरून वळण लांब पडते, दुर्बीण पाहिजे. वरून अठरा हजार मंजूर झाले. त्यात दोन घ्यायच्या, एक या मचाणाला, एक दुसऱ्या मचाणाला.

आता दुर्बिणीवरचे आकडे. आठ बाय बेचाळीस असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. भिंग रुंद, तर उजेड जास्त आत येतो. पण तो उजेड जितक्या पटीने तुम्ही वस्तू ओढून जवळ आणाल तितका वाटला जातो. बेचाळीसला आठने भागा, पाचाच्या थोडं वर येतात. पन्नासला वीसने भागा, अडीच येतात. अंधार पडायला लागला की हा पाच आणि अडीचचा फरक डोळ्याला कळतो. शिवाय वीस पट जवळ आणणारी दुर्बीण तुमच्या हाताची थरथरही वीस पट करते. हे सगळं मला आज माहीत आहे. त्या दिवशी मला एवढंच माहीत होतं की वीस आठपेक्षा मोठे असतात.

आम्ही दुर्बिणींची परीक्षा घेतली ती ऑफिसच्या गच्चीवर, भर दुपारी. तेवढाच वेळ सगळे हजर होते. दूरच्या पाण्याच्या टाकीवर ठेकेदाराचं नाव रंगवलेलं होतं, ते कोण वाचतं ते पाहायचं. तिन्हींतल्या सगळ्यात मोठ्या, वीस बाय पन्नासमधून मी गच्चीचा कठडा धरून ठेकेदाराच्या नावाखालचा फोननंबरही वाचला. टाळ्या पडल्या नाहीत इतकंच. आमचा क्लार्क तर तो नंबर लावून पाहायला निघाला होता.

जंगूने लहान, आठ बाय बेचाळीसच्या दुर्बिणीतून टाकी पाहिलीच नाही. तो कोपऱ्यात जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत पाहत होता. मग मला म्हणाला, “साहेब, हे द्या. अन् सांजीले एकडाव पाहून घ्या न.”

दुकानदारही त्याच्याच बाजूने बोलला. लहान दुर्बीण नऊ हजारांची, दोन घेतल्या तर मंजुरीत बरोबर बसतात, परदेशात शिकारी लोक हीच वापरतात, कारण त्यांनाही पहाटे अन् संध्याकाळीच पाहायचं असतं. हे सांगताना त्याने खोकं पुढे केलं. खोक्यावर शिंगाळ्या हरणाचं चित्र, बाजूला टोपी घातलेला बंदूकवाला, आणि वर ठळक अक्षरात ‘हंटिंग’. बिलावरही तेच नाव येणार होतं.

माझं डोकं तिथेच फिरलं. वनखात्याच्या स्टॉक रजिस्टरला ‘हंटिंग’ दुर्बीण? उद्या तपासणीला आलेला माणूस विचारेल, साहेब, तुम्ही शिकार रोखता की करता? क्लार्क हसला, मग मीही हसलो, आणि निर्णय झाला. वीस बाय पन्नास दोन घेतल्या. स्वस्त पडल्या, आकडा मोठा, खोक्यावर डोंगराचं सभ्य चित्र. वरच्या साहेबांनी फोनवर विचारलं, पॉवर किती? मी म्हणालो, वीस. ते म्हणाले, व्हेरी गुड.

पंधरा दिवसांनी जंगू ऑफिसात आला. म्हणाला, हे दुर्बीण दिवसाची हाय, सांजीले तिच्यात राख दिसते. मी म्हणालो, वापरायची सवय नाही तुला, हात स्थिर ठेव. झाडावर बसलेल्या माणसाला मी खुर्चीत बसून हात स्थिर ठेवायला सांगत होतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. तो परत मचाणावर गेला. नंतर कळलं, त्याने दुर्बीण फांदीला टांगून ठेवली होती आणि तो नुसत्या डोळ्यांनी, कानांनी काम चालवत होता. वाघ हलला की माकडं ओरडतात, मोर बोलतो, ते ऐकायचा. खात्री पटेपर्यंत दुपट्टा हलवायचा नाही. त्यामुळे बायांना पोचायला उशीर व्हायला लागला, आणि वावराच्या मालकांची तक्रार माझ्याकडे आली. तुमचा माणूस बायांना ताटकळत ठेवते, उद्यापासून त्या कामाले येत नाही म्हणतात.

झालं. एवढी वीस पॉवरची दुर्बीण दिली आणि हा उशीर करतो? त्याच संध्याकाळी मी स्वतः मचाणावर चढलो.

पावणेसहा होत आले होते. पलीकडे धुऱ्यावर सात बाया उभ्या, पुढे सुमनबाई. ती या बायांची मुकादम, आणि आसपासच्या गावांत तिच्याइतका कापूस कोणी वेचत नसे. दोन्ही हात एकदम चालायचे तिचे.

मी विचारलं, “जंगूभाऊ, वळणावर काय आहे?”

“दिसून नाही राह्यलं, साहेब.”

“दिसत नाही म्हणजे काही नाही न तिथं?”

“तसं नाही. दिसून नाही राह्यलं, एवढंच म्हणतो मी. थोडं थांबा. आत्ताच मोर बोलला.”

मी फांदीवरची दुर्बीण काढून डोळ्याला लावली. आत एक लहानसं करडं वर्तुळ होतं, आणि ते नाचत होतं. वळण कुठे, झुडूप कुठे, मला काहीही कळलं नाही. हे मी शपथेवर सांगतो. मला काहीही दिसलं नाही, आणि मी म्हणालो, “क्लिअर आहे.” खाली मालकाचा माणूस उभा होता, त्याच्यासमोर दुसरं काय बोलणार? जंगूच्या खांद्यावरचा दुपट्टा मी ओढला आणि हलवला.

बाया निघाल्या. सुमनबाई सगळ्यात पुढे. वळणावर पोचल्या आणि आवाज झाला. वाघिणीचा तो आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगता येत नाही. तिने एकच पंजा मारला आणि बछड्यांकडे परत गेली. तिला माणूस खायचा नव्हता, बाजूला करायचा होता. जंगूने मचाणावरून सरळ उडी मारली आणि काठी घेऊन ओरडत वळणाकडे पळाला. मी शिडीवरून उतरत होतो. गळ्यातली दुर्बीण प्रत्येक पायरीला आपटत होती. मी पोचलो तेव्हा बायांनी सुमनबाईच्या खांद्यावर लुगडी गुंडाळली होती आणि जंगूने तिला पाठुंगळी घेतलं होतं.

ती वाचली. रात्रीच तिला यवतमाळला हलवलं. आता लाजेची गोष्ट पुढे आहे.

दुसऱ्या दिवशी घटनेचा अहवाल मी लिहिला. त्यात वाक्य लिहिलं, ‘मचाणावरील वनमजुराच्या इशाऱ्यानंतर महिला निघाल्या.’ खोटं म्हणावं तर मचाणावर वनमजूर होताच. सरकारी मराठीत अशी वाक्यं लिहिण्यात आमची हयात गेली. जंगूला बोलावून मी ते वाचून दाखवलं. मला वाटलं, आता म्हणेल, साहेब, दुपट्टा तुमी हालवला. तो म्हणाला, “याच्यात दुर्बिणीचं लिवलं का? दुसऱ्या मचाणावर बी तेच हाय. तिथं बी बाया हायत.”

मी म्हणालो, लिहितो. त्याने सही केली. मी लिहिलं नाही. आठवड्याभरात आदेश आला आणि जंगूला कामावरून कमी केलं. घरी मी बायकोलाही खरं सांगितलं नाही. जेवण जात नव्हतं, तर ॲसिडिटी झाली म्हणून सांगितलं.

दहाव्या दिवशी मी सुमनबाईला पाहायला दवाखान्यात गेलो. सफरचंदं घेऊन गेलो होतो. नालायक माणूस दवाखान्यात जाताना सफरचंदंच नेतो. तिचा डावा खांदा पूर्ण बांधलेला होता. मी नुकसानभरपाईच्या कागदांचं सांगत होतो, तर तिने मध्येच विचारलं, “साहेब, त्या दिवशी दुपट्टा तुमीच हालवला न?”

मी सफरचंदांची पिशवी तिच्या खाटेवर ठेवली.

ती म्हणाली, “मले तवाच कळलं होतं. जंगूदादा दोनदा हालवते अन् थांबते. हे तर कोनी माशा हाकलल्यावानी हालवून राह्यलं होतं. बाया म्हणत होत्या, थांबू. मीच म्हटलं, चला, साहेब आला असन. त्याच्याजवळ मोठी दुर्बीण हाय. त्याले आपल्याहून जास्त दिसत असन.”

रागावली असती तर बरं झालं असतं. ती चूक स्वतःच्या पदरात घेत होती, की मीच चला म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, “हो, मीच हलवला. मला काहीच दिसत नव्हतं.” तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली. सफरचंदांची पिशवी तिने घेतली नाही. तिच्या सुनेने ती माझ्या हातात परत दिली.

त्याच दिवशी मी दुसरा अहवाल लिहिला. दुपट्टा कोणी हलवला, दुर्बीण कोणी निवडली, कोणी नको म्हटलं होतं, सगळं सरळ लिहिलं. ‘हंटिंग’ शब्दाचंही लिहिलं. वरच्या साहेबांनी फोन करून विचारलं, “हे कागदावर कशाला आणता? पहिला अहवाल बंद झाला आहे.” मी म्हणालो, सर, तो उघडा. माझी चौकशी झाली, वेतनवाढ रोखली गेली. जंगू दोन महिन्यांनी कामावर परत आला. पुढच्या मंजुरीत आठ बाय बेचाळीस घेतल्या. दिवस मावळताना जंगूने त्या दुर्बिणी नाल्यावर नेऊन पाहिल्या. बिलावर ‘हंटिंग’ असंच आलं. तपासणीवाल्याने तो शब्द वाचला आणि काहीही न विचारता सही केली. ज्या शब्दाला घाबरून मी हे सगळं केलं, तो कोणी दोनदा वाचलाही नाही.

सुमनबाईचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. ती एका हाताने वेचते, आणि तिच्या ओळीत सुटलेली बोंडं मागून सून वेचते. मुकादमी गेली. जो हात दिवसाला निम्माच कापूस वेचतो, त्याच्यामागे बाया कशाला चालतील?

आता मी पुसदला असतो. वनखात्यातला माणूस म्हणून लोक विचारतात, पक्षी पाहायचे आहेत, फिरायला जायचं आहे, आठ-दहा हजारांत दुर्बीण कोणती घ्यावी? मी सांगतो. आठ पटीची घ्या, पुढचं भिंग बेचाळीसचं. मोठ्या आकड्याला भुलू नका. दुकानात भर दुपारी पाहू नका, संध्याकाळी बाहेर नेऊन पाहा. रोज जो वापरणार आहे त्याच्याच डोळ्याला लावा, आणि तो नको म्हणाला तर घेऊ नका. लोक खूश होतात. म्हणतात, भाऊ, तुमचा अभ्यास दांडगा आहे.

मी म्हणतो, नोकरीत शिकलो. कोणाच्या हाताच्या किमतीवर शिकलो, हे विचारणाऱ्यांपैकी आजवर एकालाही सांगितलं नव्हतं.