वास येतोय का हो?

आम्ही कंपनीतले जुने तिघं-चौघं कुठेही भेटलो की किस्से सुरू होतात आणि चहा गार होतो. एकाचं सांगून संपायच्या आत दुसऱ्याला त्याहून मोठं काहीतरी आठवतं. हसून हसून पोट दुखतं. माझं मात्र हसता हसता मध्येच स्वयंपाकघराकडे लक्ष जातं. सवय झालीय, काय करणार!

आधी आम्ही काय बनवायचो ते सांगतो. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वासच नसतो. गळला तर माणसाला कळणार कसं? म्हणून त्यात एक घाणेरडा वास मुद्दाम मिसळतात. सडक्या कांद्यासारखा. थेंबभर पुरतो. तो वास ठाणे-बेलापूर रोडवरच्या आमच्या कारखान्यात तयार व्हायचा. सत्तरचं दशक संपता संपता मी तिथे लागलो. पहिल्या दिवशी घास गिळवला नाही. आठवडाभरात वास येईनासा झाला. मला वाटलं, कंपनीने काहीतरी सुधारणा केली!

*

एकदा शिफ्ट सुटल्यावर मी, म्हात्रे आणि कांबळे वाशीच्या बसमध्ये चढलो. थोडं पुढे जातोय तोवर एक बाई ओरडल्या, "गॅस! कुणीतरी गाडीत सिलिंडर आणलाय!"

ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. सगळे भराभर खाली. कांबळे पुढाकार घेणारा माणूस. "घाबरू नका, आम्ही केमिकलवाले आहोत," म्हणाला आणि सीटखाली वाकून शोधायला लागला. मी लोकांच्या पिशव्या तपासल्या. कंडक्टर रुमाल नाकाला लावून आमच्या मागे मागे. आम्ही जाऊ तिकडे वास वाढतोय!

शेवटी त्याने कांबळेची कॉलर हुंगली.

"साहेब, तुमी तिघं चालत या. सिलिंडर परवडला!"

*

म्हात्रे तळवलीचा. गावातलंच घर. एका रविवारी घरात कुणी नव्हतं, भूक लागली, म्हणून पठ्ठ्याने टोपातलं माशाचं कालवण वाढून घेतलं. अर्धं ताट संपलं तेवढ्यात आई आली आणि दारातच थांबली. ते कालवण तिने टाकून द्यायला बाजूला ठेवलं होतं. मांजरीनेही तोंड लावलं नव्हतं!

"आरं, नाक कंपनीन ठेवून आलास काय?"

म्हात्रे दोन दिवस आडवा होता. कामावर आल्यावर हळूच मला म्हणाला, "पन चव बरी होती रे!"

आम्ही त्यावर महिनाभर त्याला पिडलं. नंतर कधीतरी लक्षात आलं की आपणही डब्यातली भाजी आता बायकोच्या भरवशावर खातो.

*

कारखान्यात गळती झाली तर आम्हाला कळावं कसं? मीटर होते, पण आमचे शिफ्ट इन-चार्ज देवधर साहेब मीटरवर विसंबणारे नव्हते. त्यांनी एक रीत पाडली होती. रजेवरून जो परत येईल त्याला गेटवरच पकडायचं, चहासुद्धा पिऊ द्यायचा नाही, आणि सगळ्या प्लांटभर फिरवायचं. "चला, नवं नाक आलं!" तासाभरात तेही जुनं व्हायचं, म्हणून ही घाई.

एका वर्षी गणपतीत प्लांटच बंद ठेवला. सगळे गावाला. परत आलो ते सगळेच्या सगळे नवी नाकं घेऊन! प्लांट सुरू झाला आणि थोड्याच वेळात कुणीतरी भोंगा वाजवला. डोळे चोळत, खोकत आम्ही गेटपाशी पळालो. साहेबांनी एकेक व्हॉल्व्ह, एकेक सांधा तपासून घेतला. मीटर बघितले. गळती कुठेच नाही.

"काही झालेलं नाही," साहेब म्हणाले. "रोजचाच वास आहे. चला आत."

कुणी जागचं हललं नाही. कांबळे म्हणाला, "साहेब, म्हणजे आमी रोज ह्याच्यात बसून डबा खातो?"

साहेबांनी घड्याळात पाहिलं.

"अर्धा तास बसा इथे दारात. मग काही वाटणार नाही!"

*

तिथून माझ्या मनात भीती शिरली ती शिरलीच. त्यातच आमचा गॅसचा नंबर लागला. वाशीचा नवा फ्लॅट, नवी शेगडी. सुनंदा, म्हणजे माझी बायको, स्टोव्हच्या कटकटीतून सुटली म्हणून खूश. आमची मुलगी छकुली नुकती रांगायला लागली होती.

रोज संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की सुनंदा ओरडायची, "आधी कपडे बदला!" एक दिवस ती ओरडलीच नाही.

"आज काही बोलली नाहीस?"

"आज वासच नाही आला."

माझ्या कपड्यांनी तिचंही नाक नेलं होतं! सगळ्यांना सावध करणारा वास मी बनवतो, आणि उद्या माझ्याच घरात गॅस गळला तर कुणालाच पत्ता लागणार नाही. सकाळी निघताना मी नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचो. पण मी गेल्यावर काय? प्लांटवर हात काम करायचे आणि डोळ्यांसमोर ती नळी.

मग समोरच्या ब्लॉकमधल्या शिर्के काकू आठवल्या. काकूंचं नाक असं, की वरच्या मजल्यावर फोडणी पडली तर आज आमटी कसली ते खालून सांगतील. मी जिन्यात दिसलो की पदर नाकाला आणि, "भाऊ, तुम्ही व्हा पुढे!" त्यांना विनंती केली, सुनंदाने दिवेलागणीला काडी ओढायच्या आधी रोज जरा वास घेऊन जा.

"लोक जेवायला बोलावतात, तुम्ही वास घ्यायला बोलावताय होय!" म्हणाल्या, पण आल्या. रोज येऊ लागल्या. छकुलीचा लळा लागला, मग दुपारीच येऊन बसायच्या, छकुलीला मांडीवर घेऊन सुनंदाबरोबर भाज्या निवडायच्या. मला पहिल्यांदाच शांत झोप लागायला लागली.

एक दिवस प्लांटवर ते वासाचं रसायन माझ्या पँटवर थोडं सांडलं. सगळे लांब पळत होते, मला काही कळत नव्हतं. तसाच घरी आलो. दिवेलागणीची वेळ झाली होती. घाईत सरळ आत शिरलो आणि ओट्यापाशी काकूंच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. सुनंदाच्या हातात काडीपेटी होती.

"काकू, वास येतोय का हो?" तिने विचारलं.

काकू शेगडीवर वाकल्या. डोळे मिटले, लांब श्वास घेतला.

"छे! कसलाच नाही. लाव गं, दिवा लाव."

सुनंदाने काकूंच्या पदराकडे पाहिलं. तो खांद्यावरच होता. मग माझ्या पँटवरच्या डागाकडे पाहिलं. काडीपेटी माझ्या हातात दिली, छकुलीला उचललं, दुसऱ्या हाताने काकूंचं मनगट धरलं आणि जिना उतरायला लागली.

काकूंचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता.

"अगं, ओढतेस कशाला? खरंच वास नाहीये!"