यूपर्यंत पोचलेले रामभाऊ

रामभाऊ इंग्रजी शिकत होते ते डिक्शनरीच्या क्रमाने. ए संपल्याशिवाय बी नाही, आणि मधलं पान सोडणं तर मुळीच नाही. सिन्नरला त्यांच्या घरी पोथीचं पारायण होई, तसंच हे. त्यामुळे १९९८ साली, आम्ही आखातातल्या फरवानियात राहत असताना, त्यांच्याकडचा इंग्रजी शब्द कधी एकटा बाहेर पडत नसे. पाढ्यासारखा तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊनच निघे. मी 'लँड' विचारला की 'लँडलेडी', 'लँडलॉर्ड', 'लँडमार्क' यांचे अर्थ ऐकल्याशिवाय माझी सुटका नव्हती.

तेलाच्या टाक्या साफ करणाऱ्या टोळीचे ते फोरमन. मी त्याच कंपनीतला क्लार्क, चाळीसगावचा, त्यांच्या शेजारच्या खोलीत राहणारा. मला ते मास्तर म्हणत. शिकवू मात्र कधी देत नसत.

त्या वर्षी कंपनीने फर्मान काढलं की फोरमनने सेफ्टीची तोंडी परीक्षा इंग्रजीत द्यायची. नापास झाला तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढणार नाही. विजयावहिनी नाशिकची नोकरी सोडून नुकत्याच आल्या होत्या आणि त्यांचा परवाना नवऱ्याच्या परवान्याला बांधलेला. एक गेला की दोन्ही गेले.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी रामभाऊ यूमध्ये होते. 'व्हॉल्व्ह' रोजचा हाताखालचा, त्याची भीती नव्हती. पण 'व्हेपर', 'व्हेंटिलेट' ही टाकीच्या कामाची मंडळी पुढे व्हीमध्ये बसलेली. मी म्हटलं, थोड्या पानांवरून उडी मारा. वहिनींनीही तेच सांगून पाहिलं.

"पारायणात पान ओलांडत नाहीत, मास्तर."

पारायणाने इकामा वाढत नाही, असं मी बोललो. त्यांनी पान उलटलं आणि 'अपराइट' वाचायला घेतला.

परीक्षा कंपनीच्या शहरातल्या, शर्क भागातल्या ऑफिसात होती. घेणारे नवे हुसेन साहेब. मला दुभाषा म्हणून बसवलं होतं, पण फक्त प्रश्नापुरता. उत्तरात तोंड घातलं तर परीक्षा रद्द. पहिले प्रश्न बरे गेले. मग साहेबांनी विचारलं, टाकी उघडल्यावर माणूस आत सोडण्याआधी काय करता? मी प्रश्न मराठीत सांगितला. हवा खेळवायची, हे रामभाऊंना पोटातून ठाऊक होतं. शब्द तेवढा अजून वाचायचा होता.

त्यांचे ओठ हलू लागले. "अपहोल्ड, अपलिफ्ट, अपॉन, अपर, अपराइट..." ते पाढा म्हणत त्या शब्दाकडे निघाले होते, आणि वाटेत पान संपणार हे खोलीत फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. पाढा थांबला. रामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहत राहिलो.

"ओपन," ते म्हणाले. "एअर पुट. लाँग टाइम. गॅस चेक. आफ्टर, मॅन."

सगळे शब्द यूच्या अलीकडचे. आणि एकानेही शेजारी सोबत आणला नव्हता.

साहेबांनी पेन उचललं. मग सही करत म्हणाले, इकामा सहा महिन्यांपुरता वाढेल. तोवर नीट वाक्यं शिका, परत परीक्षा.

बसमध्ये मी विचारलं, आता तरी व्ही? रामभाऊ म्हणाले, यू राहिलाय अजून.

सहा महिने ऐकून वहिनी खाटेवर बसल्या. नंतर उठल्या, डिक्शनरी उचलली आणि थेट व्हीवर उघडली.

"पारायण तुमचं आहे," त्या म्हणाल्या. "मी नुसती वाचतेय. हवं तर कान बंद करा."

त्या 'व्हेकन्ट'पासून मोठ्याने सुरू झाल्या. रामभाऊंनी भिंतीकडे तोंड केलं, पण हात काही कानांवर गेले नाहीत.