आयोवाच्या पद्धतीने

आमच्या घरातून विद्यापीठात गेलेली मी पहिली. आई इंग्लंडमध्ये, लेस्टरला केअररचं, म्हणजे वृद्धांच्या देखभालीचं काम करते, बाबा वेअरहाउसमध्ये. पहिली टर्म मी सेमिनारमध्ये तोंडही न उघडता काढली. चुकीचं बोलले तर सगळ्यांना कळेल, ही इथली नाही, असं वाटायचं. दुसऱ्या टर्मला राज्यशास्त्राच्या मॅडमनी बजावलं, प्रत्येकाने एकदा तरी बोलायलाच हवं, त्याचेही मार्क आहेत.

त्या आठवड्याचा विषय होता अमेरिकेतलं आयोवा. राज्य लोकवस्तीने लहान, शेतीचं. पण राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार निवडायला बरीच वर्षं तिथूनच सुरुवात व्हायची. मोठमोठे नेते तिथल्या शाळेच्या हॉलमध्ये, कुणाच्या स्वयंपाकघरात बसून लोकांचे प्रश्न ऐकायचे. एवढ्याशा राज्यालाच हा मान का, असा वाद आहे, आणि तो मला पटतोही. तरी वाचताना बरं वाटलं होतं. लहानांना कुणीतरी आधी विचारत होतं.

मॅडमनी तिथली जुनी पद्धत वर्गातच करून बघायची ठरवली. मतपेटी नाही, आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. कोपऱ्यात पाच जण नसले तर उमेदवार बाद. उमेदवार मॅडमनीच कागदावर रचलेले. संध्याकाळच्या बस वाढवू म्हणणाऱ्या बाईच्या कोपऱ्यात मी गेले. आम्ही चौघं. मग आमच्या वर्गात रिटायर झाल्यावर शिकायला आलेले एक आजोबा आहेत, ते काठी टेकत आमच्याकडे आले. पाच झाले!

पण ते उभे आहेत हे मला बघवेना. मी समोरच्या कोपऱ्यातली खुर्ची आणायला धावले, आणि तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "थांबा. जो जिथे आहे तिथेच मोजला जाईल."

मी विरोधी कोपऱ्यात, हातात खुर्ची.

"गद्दार!" आमच्या गटातली मैत्रीण ओरडली. वर्ग हसला.

"अगं, ती माझ्यासाठी गेली," आजोबा म्हणाले.

"मग आता परत या म्हणावं बाईसाहेबांना," मैत्रीण म्हणाली.

मॅडमनी नियम सांगितला: दुसऱ्या फेरीत कोपरा बदलता येतो, पण का बदलतोय ते सगळ्यांसमोर सांगून. म्हणजे मी बोलले नाही तर आमची बाई बाद.

वाचलेलं काही आठवेना. मी म्हणाले, "माझी आई दिवसभर म्हाताऱ्या माणसांना उठवते, बसवते. संध्याकाळी तिला घरी यायला बस नसते. ती चालत येते. म्हणून मी तिकडे जाते."

कुणी हसलं नाही. मी खुर्ची घेऊन निघाले, तर मागून एक उंच मुलगा आला. "मीही येतो," म्हणाला. "माझी आई पण चालतच येते."

आम्ही सहा झालो.

घरी सांगितलं तेव्हा आई कणीक मळत होती.

"कशावर बोललीस?"

"तुझ्या बसवर."

"अगं बाई! ते काय वर्गात सांगायचं?"

"मग ती बाई निवडून आली का?" बाबांनी विचारलं.

"नाही. दुसऱ्या नंबरला आली."

"दुसरी म्हणजे काय कमी आहे?"

आईने हात धुतले आणि नाशिकला मावशीला फोन लावला. "ताई, आमची पोरगी आज सगळ्या गोऱ्यांसमोर बोलली."

वर्गात सगळे गोरे नाहीत. पण मी तिला दुरुस्त केलं नाही.