डोळ्यांत थेंब घातल्यावर सांगायचे सिनेमे

डोळ्यांच्या दवाखान्यात त्याला सगळे थेंबे म्हणत. ते काही त्याचं आडनाव नव्हतं. पण बावीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत थेंब घालण्याचंच काम केल्यावर मूळ आडनाव कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. एकदा वाचनालयाचं कार्डसुद्धा ‘श्री. थेंबे’ असं छापून आलं, तेव्हा त्यानं ते बदलून घ्यायचा कंटाळा केला.

काम असं: डॉक्टरीणबाईंनी तपासण्याआधी पेशंटच्या बुबुळाची बाहुली मोठी व्हावी लागते. त्यासाठी दर दहा मिनिटांनी एक, असे तीन वेळा थेंब. मधल्या वेळात पेशंटनं डोळे मिटून, भिंतीला डोकं टेकून लांब बाकावर बसायचं. बाकावर आठ माणसं मावत. त्यांच्या डोक्यांचे आठ तेलकट गोल भिंतीवर कायमचे उमटले होते, आणि रंगाऱ्यानं दोनदा रंग देऊनही ते आतून परत वर आले होते.

आठ माणसं डोळे मिटून अर्धा तास गप्प बसली की त्यांना एकेक भलतं सुचायला लागतं. म्हणून खोलीत रेडिओ होता. तो एका सोमवारी बंद पडला, आणि त्याच सोमवारी निवृत्त मुख्याध्यापिकाबाई बाकावर होत्या. दहा मिनिटं शांतता सोसल्यावर त्यांनी मिटल्या डोळ्यांनी हुकूम सोडला की कुणीतरी काहीतरी सांगा. मग त्या म्हणाल्या, “थेंबे, तुम्ही सांगा.”

थेंबेपाशी सांगण्यासारखं एकच होतं. तो बहिणीकडे राहायचा, वरच्या खोलीत. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे घरात कुणी विचारलं नव्हतं. रविवारची दुपार तो दार लावून सिनेमे बघण्यात घालवी. पुरुषांनी पुरुषांवर प्रेम केल्याचे सिनेमे, देशोदेशीचे, कुठून कुठून मिळवलेले. कपाटात स्वेटरांच्या मागे त्रेचाळीस तबकड्या होत्या. त्यांतला एखादा कुणाला तरी सांगावा, ‘हा बघाच’ म्हणावं, असं त्याला वीस वर्षं वाटत आलं होतं. पण समोरच्यानं नुसतं बघितलं तरी त्याच्या तोंडचं पाणी पळे. आता समोर आठ माणसं होती आणि एकही बघत नव्हतं.

त्यानं दीपगृहाचा सिनेमा काढला. समुद्रात खडकावर एक दीपगृह, त्यात एकटा रखवालदार. दर गुरुवारी नाव येते, पीठमीठ आणि रॉकेल घेऊन. रखवालदार बुधवारपासूनच दाढी करायला लागतो. एका गुरुवारी वादळामुळे नाव परत जाऊ शकत नाही. “तेव्हा नावेवरचा म्हणाला, मी इथंच राहतो.”

“म्हणाली,” मुख्याध्यापिकाबाईंनी दुरुस्ती केली.

“नाही बाई. म्हणाला.”

“कर्ता कोण?”

“नावाडी.”

“आणि दाढी करतो तो?”

“तोही पुरुषच, बाई.”

थेंबेनं हातातल्या कापसाचा पार पिंजून धागा केला. बाईंनी मनातल्या मनात वाक्याची फोड केली असावी, कारण थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “दोन्ही पुल्लिंगी. मग क्रियापद बरोबर आहे. पुढे?”

पुढे त्यानं सगळं सांगितलं. शेवटी नावाडी खडकावरून घसरतो, त्याचा पाय मुरगळतो, म्हणून त्याला दीपगृहातच राहावं लागतं, आणि तो कायमचाच राहतो. बाकावर कुणीतरी सुस्कारा टाकला. बाईंना आत बोलावलं तर त्या दुसऱ्यांदा थेंब घालून मागायला लागल्या.

त्यानंतर रेडिओ दुरुस्त झाला, तो कुणी लावू दिला नाही. थेंबे रोज सकाळी एक आणि दुपारी एक सिनेमा सांगू लागला. दोन हमाल पाच मजले पियानो चढवतात आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एकजण मनातलं बोलतो, तो सिनेमा. बुद्धिबळाचा पंच आणि मुद्दाम हरणारा खेळाडू, तो सिनेमा. थेंबेच्या सिनेमांत पाय फार मुरगळायचे, हे बाकावरच्या मंडळींच्या लक्षात आलं होतं. पण परदेशांतले रस्ते तसले असतील, असं त्यांनी धरून चालवलं.

ज्यांना सिनेमा मनापासून आवडे, ते नाव लिहून मागत. थेंबेकडे औषधाच्या चिठ्ठ्यांशिवाय कागद नव्हता. त्यावर तो आपल्या बारीक अक्षरात लिही: सिनेमाचं नाव, एकदा, जेवणानंतर, सोबत कुणी समंजस असल्यास उत्तम. शेजारच्या औषधवाल्याला कुठलीही चिठ्ठी वाचता येत नाही असं म्हणायची सवय नव्हती. त्यानं बुद्धिबळाच्या सिनेमाच्या चिठ्ठीवर मुख्याध्यापिकाबाईंना खोकल्याचं औषध दिलं. बाईंनी ते आठवडाभर घेतलं आणि गुण आला म्हणून कळवलं.

मग डॉक्टरीणबाईंच्या ध्यानात आलं की ठणठणीत डोळ्यांची माणसं बाहुल्या मोठ्या करून समोर येऊन बसताहेत. वजनमाप खात्याचा एक इन्स्पेक्टर होता, पन्नाशीचा, उंच, अतिशय नीटनेटका. त्याला तक्त्यावरची शेवटची ओळच काय, तक्ता छापणाऱ्याचं नावही वाचता येई. तो महिन्यात नऊ वेळा आला होता. डॉक्टरीणबाईंनी थेंबेला आत बोलावून विचारलं की हे काय चाललंय, लोकांना नुसतं ऐकायला बसू दे की. थेंबेनं खाली मान घालून सांगितलं की उघड्या डोळ्यांच्या माणसासमोर त्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही. डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं, मग चटकन नजर टेबलाकडे वळवली आणि उकळून गार केलेल्या पाण्याची एक वेगळी बाटली त्याच्या हवाली केली. तिच्यावर त्यांनी चिकटपट्टीवर लिहिलं: ‘फक्त श्रोत्यांसाठी’.

हे सगळं घरी कळायचं राहणार नव्हतंच. ताईच्या कानावर भाजीच्या दुकानात आलं. तिनं घरी येऊन भावाला जास्तीची एक पोळी वाढली. प्रश्न भाऊजींचा होता. एका छपराखाली एकोणीस वर्षं काढून मेहुण्या-मेहुण्यांचं बोलणं पाण्याची टाकी आणि वर्तमानपत्र या दोन विषयांपलीकडे गेलं नव्हतं. टाकी भरली का. पेपर झाला का. आणि आता भाऊजींना मोतीबिंदू झाला होता.

ज्या सकाळी ते दवाखान्यात आले, त्या सकाळी पहिला थेंब भाऊजींच्या गालावर पडला. दुसरा मिशीवर. तिसरा डोळ्यात गेला. भाऊजी डोकं टेकून बसले. त्या दिवशी सिनेमा सांगूच नये असं थेंबेनं ठरवलं होतं, पण बाकाच्या दुसऱ्या टोकावरून इन्स्पेक्टरनं हळूच आठवण दिली, “पियानो.” बाकीच्यांनीही धोशा लावला. थेंबेनं भाऊजींच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत पियानो चढवायला सुरुवात केली. चौथ्या मजल्यावर दोर सुटायला लागला आणि नेमकं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी भाऊजींना आत बोलावलं.

संध्याकाळी जेवताना भाऊजी काळा चष्मा लावून बसले होते. ताटातलं त्यांना नीट दिसत नव्हतं. ताई त्यांच्या हाताला वाटी लावून देत होती. दोन घास झाल्यावर ते म्हणाले, “ते पियानोवाले.”

थेंबेचा घास हातातच राहिला.

“पोचले का पाचव्यावर?”

“पोचले, भाऊजी. एकाचा पाय मुरगळला.”

“दुसऱ्यानं काय केलं?”

“आधी त्याला वर नेलं. मग पियानो.”

भाऊजींनी मान डोलावली. थोडं जेवल्यावर म्हणाले की हे एकदा प्रत्यक्ष बघायला पाहिजे, इतका अवजड पियानो दोघांना उचलतोच कसा. ताईनं पदर डोळ्यांना लावला आणि कांद्यावर ढकललं; त्या दिवशी जेवणात कांदा नव्हता.

भाऊजी एकदा एखादी गोष्ट मनावर घेत तर घेतच. त्यांनी दुसऱ्या दिवशी बाकावरच्या सगळ्यांना विचारलं, आणि सगळ्यांनाच प्रत्यक्ष बघायचं होतं. जागा इन्स्पेक्टरनं दिली: वजनमाप खात्याचं तपासणीचं दालन, शनिवारी दुपारी बंद असलेलं. कुठला सिनेमा यावर मतं घेतली, तेव्हा पियानोला एकट्या भाऊजींचं मत पडलं आणि दीपगृह निवडून आलं. थेंबे नको नको म्हणत होता. तबकडी खराब आहे, आवाज बारीक आहे, शेवटी जरा ओरखडा आहे. त्याचं कुणी मनावर घेतलं नाही.

शनिवारी तेवीस माणसं जमली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून चारजण धान्याच्या मोठ्या काट्यावर बसले, आणि कुणी हललं की काटा हलायचा. भिंतीवर पांढरी चादर लावली होती. सिनेमा सुरू झाला. गुरुवार आला, नाव आली, दाढी झाली. लोक पुढचं आधीच एकमेकांना सांगत होते. मग वादळ झालं. नावाडी खडकावरून घसरला, समुद्रात पडला आणि बुडाला. रखवालदार एकटाच दिवा लावत राहिला. सिनेमा संपला.

कुणी उठलं नाही. मग मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या की हे चुकलेलं आहे. काट्यावरच्या चौघांनी दुजोरा दिला. तबकडी बदललेली असणार असं एकानं सुचवलं. दुसऱ्यानं दिग्दर्शकाला पत्र लिहायचं म्हटलं, आणि दिग्दर्शक वारून तीस वर्षं झाली हे कळल्यावर, मग त्याच्या वारसांना लिहू, असं ठरलं. बाईंनी पर्समधून लाल शाईचं पेन काढलंही. तेवढ्यात भाऊजींनी खिडकीचा पडदा सारला आणि सगळ्यांना भिंतीशी उभा असलेला थेंबे दिसला. शेहेचाळीस डोळे, सगळे उघडे.

त्याला पळून जायचं होतं, पण दारात काटा होता आणि काट्यावर माणसं. तो चष्म्याच्या काचा पुसत म्हणाला,

“मीच बदललं. बहुतेक सगळ्यांत एकजण मरतोच. त्रेचाळीसमधल्या चौतिसांत मरतो, उरलेल्यांत ताटातूट होते. मी पहिला बघितला तेव्हा बावीस वर्षांचा होतो. आणि इथं तुमच्या डोळ्यांत नुकतंच औषध घातलेलं असतं. रडलात की धुऊन जातं. पुन्हा पहिल्यापासून घालावं लागतं.”

एवढी वाक्यं तो उघड्या डोळ्यांसमोर सलग आयुष्यात कधी बोलला नव्हता. एका बाईनं नाक शिंकरलं, तशी काट्याची सुई जागची हलली. बाईंनी लाल पेन परत टोपणात घातलं आणि म्हणाल्या की औषधाचं कारण पटण्यासारखं आहे. “पण पियानोवाले?” भाऊजींनी विचारलं. थेंबे पुन्हा काचा पुसायला लागला. भाऊजी मटकन खाली बसले. ते आपले आपण बोलल्यासारखं म्हणाले, “मग आपण चौथ्या मजल्यावर बंद करू. तिथून पुढं तू सांग.”

तसंच झालं, आणि ते पुढं रीतीनं चालू लागलं. दर महिन्याच्या एका शनिवारी सिनेमा लागे, बाईंच्या हातात घड्याळ असे, आणि कुणी मरण्याच्या नऊ मिनिटं आधी भाऊजी यंत्र बंद करीत. मग थेंबे उभा राहून उरलेलं सांगे. पहिल्या वेळी तो भिंतीकडे तोंड करून बोलला, दुसऱ्या वेळी काट्याकडे बघून. तिसऱ्या वेळेपासून लोकांकडे बघून बोलायला लागला, तरी हातात कापूस लागतच होता. वारसांचं उत्तर आलं नाही.

पण पहिल्या शनिवारची एक गोष्ट सांगायची राहिली. सगळे गेल्यावर थेंबे आणि इन्स्पेक्टर खुर्च्या उचलत होते. इन्स्पेक्टर प्रत्येक खुर्ची फरशीच्या रेघेला समांतर लावत होता. शेवटची लावून झाल्यावर तो म्हणाला, “माझ्याकडे एक आहे. त्यात कुणी मरत नाही, सोडूनही जात नाही.”

थेंबे म्हणाला की असा एखादा त्यानं फार शोधला.

“मात्र कंटाळवाणा आहे. दोघं एका घरात राहतात. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावर त्यांचं होत राहतं. पावणेतीन तास.”

“मला देता का बघायला?”

“देत नाही,” इन्स्पेक्टर म्हणाला. त्याचे कान तांबडे झाले होते. “घरी येऊन बघावा लागेल. उद्या दुपारी मी मोकळा असतो.”

रविवारी थेंबेनं इस्त्रीचा शर्ट घातला. ताईनं विचारलं नाही, पण जिन्यापर्यंत आली. इन्स्पेक्टरच्या घरी दोन खुर्च्या होत्या आणि त्यांच्यामध्ये बरोबर दीड हात अंतर होतं. सिनेमात पहिला तासभर खिडकी उघडी होती, मग बंद, मग पुन्हा उघडी. कुणी कुणाला मिठीसुद्धा मारली नाही. एकदा एकानं दुसऱ्याचा मोजा रफू केला, तेवढंच. दोन्ही माणसं शेवटी म्हातारी झाली, आणि खिडकीची कडी मोडली म्हणून सुताराला बोलवावं लागलं. ते दोघं शेवटच्या नावापर्यंत बसून राहिले. प्रकाशयोजनाकाराच्या मदतनीसाचं नावही थेंबेनं वाचलं. मग इन्स्पेक्टरनं चहा केला.

घरी परतल्यावर ताईनं विचारलं, सिनेमा कसा होता.

“भिकार,” थेंबे चपला काढत म्हणाला. “पुढच्या रविवारी परत बघणार आहोत.”